एक आडवी रेघ

आमच्या कॉलेजच्या लेखन केंद्रात पेन्सिल फक्त लिहिणाऱ्याच्या हातात असते. मदत करणाऱ्याने, म्हणजे माझ्यासारख्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने, तिला बोटही लावायचं नाही. समोरच्याने आपलं लिखाण मोठ्याने वाचायचं, आपण दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकायचं आणि मग प्रश्न विचारायचे. 'हे वाक्य असं कर' म्हणायला बंदी. 'इथे तुला काय म्हणायचंय?' एवढंच विचारायचं. केंद्राच्या मॅडमनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे? पहिल्याच आठवड्यात माझे हात इतके शिवशिवायला लागले की मी सरळ त्यांच्यावर बसून घेतलं.

केंद्र म्हणजे लायब्ररीच्या तळघरातली एक खोली. चार गोल टेबलं, टोकं काढलेल्या पेन्सिलींचा एक डबा, पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणि छताला लागून एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. एका वेळी एकाला पंचेचाळीस मिनिटं मिळतात. ती संपली की आम्ही एक चिठ्ठी लिहितो. तिच्यात तीन ओळी असतात: आज काय केलं, पुढे काय करायचं आणि शेरा. मसुद्याला ती चिठ्ठी टाचून दोन्ही त्या त्या सरांच्या ट्रेमध्ये टाकायची. वरच्या दोन ओळी आम्ही समोरच्याला सांगतो. शेरा मात्र फक्त सरांसाठी.

माझे कान तिखट आहेत, हे मला फार लवकर कळलं होतं. कोणी वाचत असताना मध्येच दुसऱ्याची वाक्यं आली की मला जोड ऐकू यायचा. वर्षभरात मी असे तीन जण पकडले होते आणि तिन्ही वेळा माझंच खरं निघालं होतं. मॅडम म्हणायच्या, "शंका आली तर आधी विचारायचं, मग लिहायचं." मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, विचारायचं कशाला, मला ऐकू येतंय की. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि ते उतरवायला कोणी भेटलं नव्हतं.

मग एके दिवशी पावणेतीनला ते काका आले. वय पन्नाशी ओलांडलेलं, खाकी शर्ट, खिशाला तीन पेनं आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद.

"मॅडम, बसू का?"

"मॅडम नका म्हणू हो, मी पण विद्यार्थीच आहे."

"असं कसं? मग मास्तरीणबाई म्हणतो." आणि ते बसलेही. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी मास्तरीणबाई झाले ती कायमची.

काका शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते. चोवीस वर्षं झाली होती. सुपरवायझर व्हायचं तर कॉलेजचा एक अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो, आणि त्यात लेखन हा विषय सक्तीचा. आदल्या वर्षी ते त्यातच आपटले होते. "दोनदाच बसता येतं," ते म्हणाले. "ही दुसरी वेळ. यात गेलो तर रिटायर होईपर्यंत तीच खुर्ची, तोच पंप. तसं माझं काही म्हणणं नाही हो पंपाबद्दल. पण मुलीने माझा फॉर्म भरलाय, तिला काय सांगू?"

निबंधाचा विषय होता 'मला मिळालेला धडा'. मी हात मांडीवर घेतले. काकांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सत्कार समारंभात उभे असल्यासारखे वाचायला लागले.

"जीवन ही एक अथांग सरिता आहे. सुखदुःखाच्या लाटांवर हेलकावे खात मानवाची इवलीशी नौका ध्येयाच्या पैलतीराकडे मार्गक्रमण करीत असते..."

असे दोन परिच्छेद. नौका, वादळ, दीपस्तंभ, सगळं होतं. मला जांभई येत होती, ती मी गालात दाबली. आणि तिसऱ्या परिच्छेदाला काकांचा आवाज एकदम खाली आला. ते भरभर वाचायला लागले, जणू तो भाग लवकर उरकायचा होता.

"त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वरच्या वस्तीतून फोन आला. पाणी नाही. पंप चालू होता. लाईनवरचं प्रेशर बघितलं, निम्मं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चाकाचे सोळा फेरे लागतात. मी आठ दिले होते. मध्येच फोन वाजला म्हणून गेलो आणि परत येऊन उरलेले आठ द्यायचे राहिले. चूक माझी. उरलेले फेरे दिले. वरच्या टाकीत पाणी चढायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मला कोणी काही बोललं नाही."

चौथ्या परिच्छेदात पुन्हा आवाज चढला आणि सरिता सागराला जाऊन मिळाली.

मी ताठ झाले. जोड! इतका मोठा जोड मी कधी ऐकलाच नव्हता. नदी आणि नौका लिहिणारा माणूस 'चूक माझी' असं दोन शब्दांत लिहील? ते शेवटचं वाक्य तर कोणातरी कसलेल्या लेखकाचं असणार. माझी खात्रीच पटली. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात घड्याळाकडे बघितलं तर वेळ संपली होती आणि दारात पुढची मुलगी उभी होती. काका कागद सारखे करत म्हणाले, "बरं आहे ना, मास्तरीणबाई?" मी म्हटलं, "बघू या." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला तेव्हा दिसला होता, हे मी कबूल करते. तरी मी चिठ्ठीवर शेरा लिहिला: 'तिसरा परिच्छेद विद्यार्थ्याचा स्वतःचा वाटत नाही. शैली संपूर्ण वेगळी. तपासावे.' खाली झोकात सही केली आणि ट्रेमध्ये टाकून मोकळी झाले.

पुढच्या मंगळवारी काका पुन्हा आले. त्याच वेळी, त्याच शर्टात. त्यांनी माझंच नाव सांगून वेळ घेतली होती. पिशवीतून त्यांनी सरांचं पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मसुद्यातला काही भाग आपला स्वतःचा नसल्याची शंका आहे, शुक्रवारी चार वाजता भेटावे, शंका खरी ठरल्यास नाव अभ्यासक्रमातून कमी करण्यात येईल. सोबत मसुद्याची प्रत परत पाठवली होती. चिठ्ठी अर्थातच नव्हती.

"पकडलं मला," काका म्हणाले. "कोणी पकडलं काय माहीत, पण बरोबर पकडलं. आता माफीचं पत्र लिहायचंय. तुमच्यासमोर लिहिलं म्हणजे धीर येईल."

आत कुठेतरी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? चौथा! मी समजूतदार आवाज काढून विचारलं, "कुठून घेतला होता तो भाग?"

"मुलीच्या शाळेतलं निबंधाचं जुनं पुस्तक आहे घरात. त्यातून जमवलं. ते अथांग सरिताबिरिता, नौका, दीपस्तंभ. एका निबंधातलं पहिलं पान, दुसऱ्यातलं शेवटचं. गेल्या वर्षी साधं लिहिलं तर नापास केलं हो त्यांनी, पाऊण पानच झालं होतं. म्हटलं कॉलेजात असंच लागत असेल."

मी मसुद्याची पानं उलटून तिसऱ्या परिच्छेदावर आले.

"आणि तिसरा परिच्छेद?"

"कोणता? व्हॉल्व्हचा?" काका ओशाळून हसले. "तो माझा आहे. तोच काढून टाकायला हवा होता, नाही? बाकीच्यात शोभत नाही. पण धडा तर तोच मिळाला होता, म्हणून राहू दिला."

अख्ख्या निबंधात तेवढी दहा-अकरा वाक्यंच त्या माणसाची होती आणि मी नेमक्या त्यांच्यावर बोट ठेवलं होतं. ज्यात काही पकडण्यासारखं होतं तिथे मी जांभया देत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं की तो शेरा माझा. ते सोडून मी म्हटलं, "पत्र आज नको, गुरुवारी लिहू. आधी थोडा विचार करू या." काका लगेच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी मसुदा माझ्याकडे ठेवायला दिला, वर आभार मानले आणि जिना चढून गेले. मी खिडकीकडे बघत बसले. त्यांचे बूट दिसले, एका बुटाची नाडी सुटलेली होती.

आमच्या घरी पुढच्या खोलीत आईचं दुकान आहे. कपडे ढगळ करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. मी गेले तेव्हा ती एका कोटाची बाही उसवत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं, कारण आईपुढे गप्प बसलं की ती आपोआप काढून घेते आणि त्यात जास्त अपमान होतो.

"मग?" आई म्हणाली. "तुला त्याची शिलाई ओळखता येते असं कोणी सांगितलं?"

"मला ऐकू आलं ना, वेगळं होतं ते."

"वेगळं होतंच. पण त्यातलं त्याचं कोणतं, हे कशावरून ठरवलंस? जे जास्त वाईट, ते त्याचं?"

उत्तर 'हो' असंच होतं.

आईने दातांनी दोरा तोडला. "मी एकदा एका बाईला सांगितलं होतं, तुमच्या ब्लाऊजची बाही कोणीतरी आंधळ्याने शिवलीये. चांगले दोन-चार शब्द सुनावले त्या शिवणाऱ्याला. ती म्हणाली, बाई, सहा वर्षांपूर्वी तुम्हीच शिवलीये."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? दिली उसवून, परत शिवून. पण आधी तिला म्हटलं, माझीच आहे हो, चुकलं. ते म्हणायलाच जास्त वेळ लागला." आणि मग मान वर करून, "तो माणूस कुठे असतो उद्या?"

"कामावर."

"मग जा की तिकडे. गुरुवारपर्यंत त्याला कशाला टांगून ठेवतेस?"

बुधवारी दुपारी मी दोन लेक्चर्स बुडवून पंपिंग स्टेशनवर गेले. लांबून नुसतं एक बसकं, पिवळं घर दिसतं. आत गेलं की जमीन पायाखाली थरथरते. चार मोठे पंप ओळीने बसवलेले, त्यातले दोन चालू, आणि प्रत्येकाच्या पुढे माझ्या हातांच्या घेराएवढं लोखंडी चाक. आवाज एवढा की बोलायचं तर काचेच्या खोलीत जावं लागतं. काकांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तरीणबाई! पाहणीला आलात?"

त्यांनी स्टूल पुसून दिलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे ठेवला.

"काका, तो शेरा मी लिहिला," मी म्हटलं. "सरांना. व्हॉल्व्हचा परिच्छेद तुमचा नाही, असं मीच लिहिलं. तुम्हाला न विचारता. काल तुम्ही सांगितलंत तेव्हाही मी गप्प बसले."

काकांनी थर्मासचं बूच घट्ट लावलं. काचेपलीकडे पंप चालू होते. मला वाटलं, आता ते उठून म्हणतील की निघा. त्यांनी विचारलं, "व्हॉल्व्हचाच? नदीचा नाही?"

"नाही. फक्त व्हॉल्व्हचा."

"का?"

"फार चांगला होता म्हणून."

हे बोलताना मला रडूच फुटलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते. "चोवीस वर्षांत माझ्या लिखाणाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले, "आणि म्हटलं ते असं!"

मग ते गंभीर झाले आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाले, "बघ, मला राग आलाय. नाही असं नाही. पण तू इथवर येऊन सांगितलंस, म्हणून तो थोडा वेळ बाजूला ठेवतो. आता पुढे काय?"

"मी आजच मॅडमना सांगते. ती चिठ्ठी सरांकडून परत मागवते आणि फाडून टाकते. नवीन लिहिते."

"फाडायची?" काका एवढे दचकले की मीच घाबरले. "फाडायची नसते, वेडे."

ते उठले. भिंतीशी लोखंडी मांडणी होती, तिच्यावर लाल पाठीची जाड लॉगबुकं वर्षवार लावलेली. बोट फिरवत ते अकरा वर्षांमागच्या एका बुकावर थांबले, ते काढलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे उघडून धरलं. प्रत्येक शिफ्टची नोंद: वेळ, पंप, प्रेशर, काय केलं, काय राहिलं. अक्षर काकांचंच. 'पहाटे ५:४०. पंप २ बंद, पंप ३ चालू. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. फेरे १६.' त्यातल्या 'पूर्ण उघडला. फेरे १६' या शब्दांवरून एक आडवी रेघ मारलेली होती. एकच, बारीक, पट्टीने मारल्यासारखी. खालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. बाजूला लिहिलं होतं: 'फेरे ८. बाकीचे द्यायचे राहिले. चूक माझी. ७:१५ ला दिले.' आणि खाली सही.

"इथे खोडरबर चालत नाही, पान फाडणं चालत नाही," काका म्हणाले. "चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची. खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. का, माहितीये? पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, त्याने मला बघितलेलं नसतं. त्याला नुसतं खरं कळून भागत नाही. चूक काय झाली होती तेही कळावं लागतं, नाहीतर तो तीच परत करतो. मी जे जे लिहितो ते त्या पुढच्या माणसासाठी."

मी त्या पानाकडे बघत राहिले. तीन वर्षं मी लिहिणं शिकत होते आणि वर्षभर दुसऱ्यांना मदत करत होते. कोणासाठी लिहायचं हे इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं.

लॉगबुक स्टेशनबाहेर नेता येत नाही. फोटोसाठी काकांनी त्यांच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. साहेब पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आलं: "काढा की! तुमची चूक, तुमची सही, मला कशाला विचारता?" मी फोटो काढला. मग काकांनी मसुदा मागितला. खिशातलं निळं पेन काढून ते शांतपणे कामाला लागले. सरितेवर एक रेघ. नौकेवर एक रेघ. दीपस्तंभावर, सागरावर. प्रत्येकीशेजारी समासात 'पुस्तकातून घेतले' आणि सही.

"काका, हे कशाला? सरांना ते ठाऊक पण नाही. मी माझं दुरुस्त केलं की तुम्ही सुटता."

"आणि पुढच्या शिफ्टला काय सांगू?" ते म्हणाले. "तू तुझी रेघ मार, मी माझ्या मारतो."

मी माझी नवीन चिठ्ठी तिथेच, त्या थरथरत्या टेबलावर लिहिली. काकांनी हात मांडीवर घेतले. "वाच मोठ्याने," ते म्हणाले. "नियम आहे ना तुमचा?"

मी वाचायला लागले. "तिसऱ्या परिच्छेदाविषयीचा माझा शेरा चुकीचा होता. परिच्छेदाची शैली इतरांहून भिन्न असल्याने असा समज होणे स्वाभाविक होते, तथापि..." आणि अडखळले. मोठ्याने वाचलं की लपत नाही, हे मीच पन्नास जणांना सांगितलं होतं.

"इथे तुला काय म्हणायचंय?" काकांनी विचारलं. अगदी माझ्या आवाजात, माझीच नक्कल करत.

"की मी काही अगदीच मूर्ख नाही."

"ते पुढच्या माणसाला लागणार आहे का?"

मी त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'मी विद्यार्थ्याला विचारले नाही. चूक माझी.' आणि सही केली. या वेळी सही झोकात आली नाही.

मॅडमनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी विचारायचं, हे मी किती वेळा सांगितलं होतं?" मी म्हटलं, "दर आठवड्याला." "शुक्रवारी तूही जा सरांकडे. आणि दोन आठवडे टेबलावर बसायचं नाहीस, पेन्सिलींना टोकं करायची." मी दोन आठवडे टोकं केली. इतकी चांगली केली की अजूनही तेवढी कोणी करत नाही.

शुक्रवारी चार वाजता सरांच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. सर कमी बोलतात आणि सावकाश वाचतात, त्यामुळे समोर बसलेल्याचे हाल होतात. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली. लॉगबुकाचा फोटो मोठा करून बघितला. मग रेघांनी भरलेला मसुदा उचलला. काकांचे हात मांडीवर होते आणि एका हाताने त्यांनी दुसरा घट्ट धरला होता. मला त्यांच्या मुलीने भरलेला तो फॉर्म आठवला आणि माझे डोळे भरून आले.

"म्हणजे ज्या भागावर शंका होती तो तुमचा," सर म्हणाले, "आणि ज्याच्यावर नव्हती तो पुस्तकातला."

"हो सर."

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो सर."

"मसुद्याला शून्य," सर म्हणाले. काकांनी मान खाली घातली. माझ्या तोंडून 'सर, पण' निघालं, ते सरांनी हाताने थांबवलं. ते पुन्हा वाचत होते, ओठ हलवत, तो एकच न खोडलेला परिच्छेद. शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"दोन तासांत मला कोणी काही बोललं नाही, असं लिहिलंय तुम्ही. अख्ख्या वस्तीला पाणी नाही आणि कोणी काही बोललं नाही? हे कसं?"

काका गोंधळले. "ते... मी फोन केले ना सर. ज्या ज्या घरून तक्रार आली होती, त्यांचे नंबर बुकात असतात. एकेकाला उलटा फोन लावला. सांगितलं, माझ्याकडून व्हॉल्व्ह अर्धा राहिला, सव्वानऊला पाणी येईल. सगळे नुसतं 'बरं' म्हणाले. एक बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आता मी नळापाशी बसून राहत नाही, कामाला लागते."

"मग?"

"मग काही नाही. फोन ठेवला आणि... सर, खरं सांगू? भीती वाटत होती ती गेली. तोच धडा."

सर खुर्चीत मागे टेकले. "अहो, मग हे लिहा की!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. "निबंध हाच आहे. पक्क्या प्रतीला अजून तीन आठवडे आहेत. नाव कमी होत नाही तुमचं. पण पुस्तक घरात ठेवा. आणि तुम्ही," माझ्याकडे वळून, "तुम्ही शेरे लिहिताना जरा समोरच्याचा चेहरा बघत जा."

बाहेर आल्यावर काका भिंतीला टेकून उभे राहिले. जीव भांड्यात पडलेला माणूस कसा दिसतो ते मी अगदी जवळून बघितलं. "शून्य मिळालं," ते म्हणाले, "आणि किती बरं वाटतंय बघ."

काका पास झाले, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल. मला सांगायचंय ते त्याआधीचं, पक्की प्रत द्यायच्या दिवशीचं. माझी टोकं करण्याची मुदत संपली होती आणि टेबलावर माझ्यासमोर पहिले काकाच बसले होते. आता चिठ्ठीतली तिसरी ओळही समोरच्याला वाचून दाखवायची, असा नवा नियम मॅडमनी केला होता. नियमाच्या कागदाखाली कारण लिहिलेलं नव्हतं, पण केंद्रातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. माझी जुनी चिठ्ठी फाइलमध्ये तशीच आहे. तिच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ आहे आणि खालचं सगळं वाचता येतं.

काकांनी निबंध वाचला. तीन पानं. आवाज वर गेला नाही की खाली आला नाही, ते नुसते मला सांगत होते. वेळ, प्रेशर, फेरे, फोन, त्या बाई. मी हात मांडीवर ठेवून ऐकलं आणि ते एकदाही शिवशिवले नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी कागद सारखे केले आणि 'बरं आहे ना' असं काही विचारलं नाही.

मी चिठ्ठी घेतली. आज काय केलं: संपूर्ण वाचन. पुढे काय करायचं: काही नाही. शेऱ्याच्या ओळीवर थोडी थांबले, मग लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"शेरा: फेरे १६."

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ तो शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

"मोजलेस?" त्यांनी विचारलं.

"मोजले."

"मग कर सही."